तीन सामन्यांचे गुरुजी

दिवाळी अंकांतून आपण कादंबऱ्यांची समीक्षा वाचतो, नाटकांची वाचतो, कवितासंग्रहांची तर हौसेने वाचतो. खेळाच्या एखाद्या संघाचा अख्खा हंगाम मात्र समीक्षेसाठी कोणी हाती घेत नाही. सामना संपला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन रकाने येतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांत भेळ बांधली जाते. वास्तविक हंगाम हीदेखील एक दीर्घ कृती आहे. तिला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. तीत पात्रे येतात नि जातात, आणि कर्त्याचा हात कोठे कापला हे पाहणाऱ्याला दिसते. अशाच एका फसलेल्या कृतीचे परीक्षण करण्याचा येथे विचार आहे. कृती आपल्याच पुणे जिल्ह्यातली आहे: एफ. सी. पुणे सिटी ह्या फुटबॉल संघाचा २०१८-१९ चा हंगाम.

ज्या वाचकांच्या घरी क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचे नाव निघत नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली आणि तीत पुण्याचा हा संघ उतरला. मालक वाधवान उद्योगसमूह, भागीदार चित्रपटनट हृतिक रोशन, आणि घरचे मैदान बालेवाडीचे क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले तेच ते. पहिल्या वर्षी मालकांनी खर्चात हात आखडला नाही. १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या आणि २००० च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीवर निर्णायक गोल करणाऱ्या फ्रान्सच्या दाविद त्रेझेगेला त्यांनी पुण्याला आणले. ज्याला जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले तो गडी बालेवाडीच्या हिरवळीवर चेंडूमागे धावताना पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिला. पण पहिले तीन हंगाम तीन निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली गेले, आणि तिन्ही वेळा संघ पहिल्या चारांत काही आला नाही. नाव मोठे नि पदरात थोडे, अशी ती तीन वर्षे होती.

चौथ्या हंगामात, म्हणजे २०१७-१८ मध्ये, रांको पोपोविच नावाचे सर्बियन प्रशिक्षक आले आणि चित्र पालटले. उरुग्वेच्या एमिलियानो अल्फारोने नऊ गोल केले, ब्राझीलच्या मार्सेलिन्योने आठ. अठरा सामन्यांत तीस गुण मिळवून संघ चौथा आला आणि प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे गाठ पडली बंगळूरशी. पुण्यातला पहिला सामना एकही गोल न होता बरोबरीत सुटला. बंगळुरातल्या दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले आणि पुण्याचा ३-१ असा पराभव झाला. हा पराभव पुणेकरांच्या मनाला लागला हे खरे, तरी तो मानाचा पराभव होता. पुढच्या वर्षी आपण अंतिम सामना खेळणार, अशी आशा त्याने मागे ठेवली होती. कादंबरीचा पहिला भाग जेथे संपावा, नेमका तेथेच तो संपला होता.

दुसरा भाग उघडला तो नवीन प्रशिक्षक घेऊन. मिगेल आंखेल पोर्तुगाल हे त्यांचे नाव. आडनाव पोर्तुगाल, गृहस्थ मात्र स्पेनचे. आपल्याकडे सातारकर आडनावाचा माणूस जन्मभर नागपुरात राहतो, तशातलाच हा प्रकार. आदल्या वर्षी ते ह्याच स्पर्धेत दिल्लीचे प्रशिक्षक होते आणि दिल्लीचा संघ दहांत आठवा आला होता. येथे परीक्षकाने पहिली खूण करून ठेवावी. जो संघ चौथा आला, त्याने आठव्या आलेल्या संघाचे गुरुजी नेमले. नेमणूक चुकीचीच होती असे ह्यावरून सिद्ध होत नाही, कारण पडक्या शाळेतला शिक्षक चांगला असू शकतो. पण ज्यांनी ही निवड केली त्यांनी ती काही हिशेब मांडूनच केली असणार. माणूस पारखून घेतला असेल, तर त्याला आपली पद्धत बसवायला वेळ द्यावा लागेल, हेही त्या हिशेबात असायला हवे होते.

वेळ किती मिळाला ते पाहा. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीविरुद्ध पहिला सामना झाला. दिल्लीने आघाडी घेतली, आणि सामना संपायला थोडी मिनिटे उरली असता दिएगो कार्लोसने गोल करून १-१ अशी बरोबरी साधली. मग मध्ये पंधरा दिवसांची सुट्टी पडली. १९ तारखेला मुंबईत मुंबई सिटीकडून ०-२ असा पराभव झाला. २२ तारखेला बालेवाडीत तोच बंगळूरचा संघ आला आणि ०-३ असा मार देऊन गेला. आपण केलेला गोल एक, खाल्लेले गोल सहा. आणि त्याच आठवड्यात पोर्तुगालांना निरोपाचा नारळ मिळाला. तीन सामने, तीन आठवडे, आणि गुरुजी गावाबाहेर!

ज्यांनी शाळा चालताना पाहिली आहे त्यांना ह्यातील गंमत नि दुःख दोन्ही कळेल. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक यावेत, पहिल्या घटक चाचणीत आठवीची मुले गणितात पडावीत, आणि संस्थाचालकांनी पंचमीच्या आत मुख्याध्यापकांची बदली करावी, तसे हे झाले. मुले पडली ती कोणाच्या शिकवण्याने? सातवीपर्यंत ज्यांनी शिकवले त्यांच्या, की सहा आठवडे ज्यांनी शिकवले त्यांच्या? ह्या प्रश्नाचे उत्तर सहा आठवड्यांत मिळत नाही, आणि ज्याला ते मिळाले असे वाटते त्याने प्रश्नच ऐकलेला नसतो.

आमच्या पाटस-वरवंडच्या भागात हेच उसाच्या भाषेत सांगता येईल. आडसाली ऊस लावला तर तोडायला सोळा-अठरा महिने जातात. घाई असलेला शेतकरी 'सुरू' ऊस लावतो, त्यालाही वर्ष थांबावे लागते. लागणीनंतर तीन आठवड्यांनी सरीत जाऊन कांडे उकरून पाहिले, तर कोंब काय तो हाताला लागेल, आणि उकरल्यामुळे तोही मरेल. संघाची बांधणी हे असेच जमिनीखाली चालणारे काम आहे. कोण कोणाला चेंडू देतो, कोण कोणाची मोकळी जागा भरतो, पुढचा गडी वळायच्या आत मागच्याला ते कसे कळते, ह्या सवयी आहेत. त्या तोंडी सांगून लागत नाहीत, घोटून घ्याव्या लागतात. जुन्या गुरुजींनी घोटलेल्या सवयी अजून अंगात आहेत आणि नव्या अंगी लागलेल्या नाहीत, अशा सांध्यावर संघ सर्वांत दुबळा असतो. पोर्तुगालांचे तीनही सामने ह्या सांध्यावर पडले.

म्हणून काही पोर्तुगाल निर्दोष ठरत नाहीत. परीक्षण करायचे तर दोन्ही पारडी तोलली पाहिजेत. अल्फारो नि मार्सेलिन्यो ह्या जोडीने आदल्या वर्षी सतरा गोल केले होते. तीच जोडी हाताशी असता तीन सामन्यांत एकच गोल व्हावा, आणि तोही तिसऱ्याच गड्याने करावा, ह्याचा जाब प्रशिक्षकालाच विचारावा लागेल. घरच्या मैदानावर तीन गोलांनी हरणे ही प्रेक्षकांच्या दृष्टीने नामुष्कीच होती. नवा दिग्दर्शक आला की जुन्या नाटकातील टाळ्या घेणारे प्रवेशसुद्धा तो बदलू पाहतो. ते बदल सुचणे हा गुण आहे, पण ते कोणत्या क्रमाने करायचे हे कळणे हा मोठा गुण आहे. तो पोर्तुगालांपाशी होता की नाही हे कळायला निदान अर्धा हंगाम हवा होता. एवढ्यावरून त्यांना पास करता येत नाही, आणि नापासही करता येत नाही. पुरवणी अर्धवट असतानाच काढून घेतली, असा शेरा तेवढा मारता येतो.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. प्रद्युम रेड्डी ह्यांनी काळजीवाहू म्हणून सूत्रे हाती घेतली. त्यांच्या पहिल्याच सामन्यात गोव्याने चार गोल घातले, आपण दोन फेडले. पहिला विजय मिळायला नोव्हेंबर उजाडला. जमशेदपूरला २-१ असे हरवले तेव्हा. डिसेंबरात फिल ब्राउन नावाचे इंग्रज प्रशिक्षक आले, म्हणजे एका हंगामातले तिसरे गुरुजी. ह्या ब्राउनसाहेबांनी २००८ साली हल सिटी ह्या संघाला इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत चढवले होते, पण जग त्यांना ओळखते ते निराळ्याच गोष्टीसाठी. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतरापर्यंत त्यांचा संघ चार गोलांनी मागे पडला, तेव्हा त्यांनी खेळाडूंना आत न नेता मैदानावरच खाली बसवले आणि हजारो प्रेक्षकांसमक्ष त्यांची हजेरी घेतली. शेवटी सामना ५-१ असा गेला तो गेलाच. वर्गातल्या मुलाला प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर उभे करून बोलले, तर तो सुधारतो की कायमचा मिटतो, ह्याविषयी शिक्षकांमध्ये दोन मते आहेत. पण ज्यांनी पुष्कळ वर्षे खडू झिजवला आहे त्यांचे मत सहसा एकच असते.

ब्राउनसाहेबांनी पुण्यात मात्र बरे काम केले. जानेवारीत अल्फारोला कोलकात्याच्या संघाकडे उसना दिला गेला, तरी उत्तरार्धात संघ सावरला आणि अठरा सामन्यांत बावीस गुण घेऊन सातवा आला. दिल्ली, केरळ नि चेन्नई त्याच्या खाली राहिले. अपमान टळला, पण आशा संपली. आदल्या वर्षी तीस गुण होते. आठ कमी पडले. तीन गुरुजींनी मिळून एका गुरुजीची बरोबरी केली नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "अहो मास्तर, धीर धरा, धीर धरा म्हणता, पण कित्येकदा नवा माणूस पहिल्याच वर्षी बाजी मारतो, त्याचे काय?" मारतो खरा. ह्याच स्पर्धेतले उदाहरण घ्या. सेर्खिओ लोबेरा ह्यांना गोव्याने २०२० च्या जानेवारीअखेर काढले, तेही संघ गुणतक्त्यात सर्वांत वर असताना. ते मुंबई सिटीकडे गेले आणि २०२०-२१ मध्ये, पहिल्याच हंगामात, साखळीची ढाल आणि करंडक ही दोन्ही बक्षिसे मुंबईला मिळवून दिली. म्हणजे नव्या माणसाला वेळ लागतोच, असा काही ईश्वरी नियम नाही. परंतु थोडे खोल पाहावे. लोबेरा गोव्याहून एकटे आले नाहीत; त्यांची पद्धत अंगवळणी पडलेले काही खेळाडूही त्यांच्याबरोबर आले. मुंबईच्या पाठीशी २०१९ पासून मँचेस्टर सिटीच्या मालकांची मोठी संस्था उभी होती. बी तयार होते, वाफा तयार होता, पाण्याची पाळी ठरलेली होती. तेथे रोप लवकर वर आले ह्यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. इंग्लंड-फ्रान्समध्ये शेवटच्या दोन-तीन जागांवर आलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, आणि त्याबरोबर त्याचे उत्पन्नही खाली येते. तेथील मालक घाबरून प्रशिक्षक बदलतो, तर त्या घाबरण्याला निदान अर्थ आहे. आपल्या ह्या स्पर्धेत त्या हंगामात खाली ढकलण्याची पद्धतच नव्हती. सातवा येवो की दहावा, पुढच्या वर्षी जागा कायम. म्हणजे धीर धरण्याची सवलत नियमांनीच दिलेली होती. जगात इतर ठिकाणी जी चैन परवडत नाही, ती पुण्याला फुकट मिळाली होती. आणि पुण्याने ती तीन आठवड्यांत उधळली.

येथवर प्रशिक्षकाची गोष्ट झाली. पण समीक्षकाने लेखकापाशीच थांबू नये, प्रकाशकाकडेही पाहावे असे म्हणतात. हंगाम संपला आणि काही महिन्यांतच, २०१९ साली, मालकांच्या आर्थिक अडचणींपायी संघच बंद झाला. स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. ब्राउनसाहेबही हैदराबादला गेले. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालांना ज्या घाईने निरोप दिला होता, त्याहून मोठ्या घाईने संघानेच पुण्याचा निरोप घेतला. वाचक विचारतील, एवढ्या मोठ्या शहराने काही केले कसे नाही? शहराने काय करावे! संघात शहराचे होते काय? नाव होते, नारिंगी सदरे घालून ओरडणारे प्रेक्षक होते. मालकीच्या कागदावर मात्र पुणेकराचा एक रुपयाचाही भाग नव्हता, आणि ज्याचा भाग नाही त्याला सभेत हात वर करता येत नाही.

ही एकट्या संघाची कथा असती तर योगायोग म्हणून सोडून दिली असती. पण पुण्यातली यादी पाहा. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला पुणे एफ. सी. हा संघ २०१२-१३ मध्ये राष्ट्रीय साखळीत दुसरा आला होता. २०१५ साली तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. एक हंगाम खेळला, शेवटचा आला आणि त्याच वर्षी मिटला. शिवाजियन्स हा जुना संघ एका बांधकाम उद्योगाच्या पाठबळावर वर चढला, दोन हंगाम राष्ट्रीय साखळीत खेळला आणि २०१७ मध्ये बाजूला झाला. चौथा एफ. सी. पुणे सिटी. पाच वर्षांच्या आत चार दिवे विझले. प्रत्येक वेळी वाऱ्याला दोष देण्यात आला. पणतीत तेल कोणी घालायचे हे ठरलेलेच नव्हते, ह्याची चर्चा झाली नाही.

ह्याच्या उलट कोल्हापूर पाहावे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथे पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की निम्मे शहर तेथे नि निम्मे शहर त्याच्या चर्चेत असते. तेथेही संघ हरतात. हरल्यावर कडाक्याची भांडणे होतात, कधी ती मैदानाबाहेरही जातात, आणि त्यात भूषण मानण्यासारखे काही नाही. प्रशिक्षकही बदलतात. पण वाईट हंगाम गेला म्हणून पाटाकडील तालीम सोलापूरला निघून गेली, असे ऐकले आहे का? जाणार कशी? तालीम म्हणजे पेठ, आणि पेठेला चाके नसतात.

आमच्या पाटसला फुटबॉलचा मोठा संघ नाही; पण भीमा सहकारी साखर कारखाना आहे. त्याने वाईट हंगाम काय थोडे पाहिले? काही वर्षे गाळप बंद राहिले, मग कारखाना भाडेपट्ट्याने दुसऱ्यांच्या हाती चालवायला गेला. त्यावर सभासदांत मतभेद झाले, आजही चहाच्या टपरीवर ते ऐकू येतात. सहकाराचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्यातील कडू काय आहे हे ऊस घालणाऱ्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. सांगायचे एवढेच की बंद पडलेल्या दिवसांतही चिमणी येथेच उभी होती, आणि तिच्याविषयी जाब विचारणारी माणसेही येथेच उभी होती. भाग असलेला माणूस चिडतो, भांडतो, पण निघून जात नाही. आणि तो जात नाही म्हणून संस्थाही जाऊ शकत नाही.

परदेशांतही हेच दिसते. त्रेझेगेच्या फ्रान्समधला बोर्दो हा १८८१ साली स्थापन झालेला, सहा वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ. २०२४ साली तो कर्जात बुडाला, व्यावसायिक दर्जा गमावून बसला आणि चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. केवढा हा अधःपात! पण पडला तो बोर्दोतच. दुसरे उदाहरण सोशोचे. प्यूजो मोटारीच्या कारखान्याने १९२८ साली हा संघ काढला होता. २०२३ साली तो परक्या मालकाच्या हातात मरणपंथाला लागला, तेव्हा स्थानिक व्यापारी पुढे आले आणि हजारो सामान्य चाहत्यांनी पदरचे थोडे थोडे पैसे घातले. संघ तिसऱ्या श्रेणीत गेला, पण जगला. आपल्याकडे असा प्रसंग आला तेव्हा पैसे घालण्याची खिडकीच कोठे नव्हती.

आता हैदराबादचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे, कारण ते ह्या कृतीचे परिशिष्ट आहे. पहिल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, तो संघ शेवटचा आला, आणि हंगाम संपण्याआधीच ब्राउनना जावे लागले. त्यानंतर मानोलो मार्केझ नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले. पहिल्या वर्षी त्यांचा संघ पाचवा आला, म्हणजे उपान्त्य फेरीही हुकली. त्यांना काढले नाही. दुसऱ्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून त्यांनी करंडक जिंकला. पुण्यात जो धीर तीन आठवडे टिकला नाही, तो हैदराबादने दुसऱ्या वर्षापर्यंत टिकवला आणि फळ खाल्ले. पण गोष्ट येथे संपत नाही. पुढे त्या संघाचाही पैसा आटला, खेळाडू पांगले, मालक बदलले, आणि २०२५ साली तो संघ हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. नावही नवे घेतले. पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला. प्रशिक्षकाच्या बाबतीतला धीर करंडक देऊ शकतो, घर देऊ शकत नाही, हे ह्या परिशिष्टातून निघणारे तात्पर्य आहे. पहिल्या दोषावर औषध सापडले तरी दुसरा दोष रोग्याला सोडत नाही.

हैदराबादच्या त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. हा मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि करंडक उचलला तो हैदराबादचा सदरा घालून. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन पुण्याच्या अकादमीत वाढला, पुणे सिटीकडून खेळत असताना २०१९ च्या आशियाई चषकात भारताच्या संघात होता. पुढे तो बंगळूरला गेला. गोलरक्षक विशाल कैथ पुण्याच्या गोलात उभा राहून घडला; नाव झाले ते कोलकात्यात. ही मुले गेली ह्याचे दुःख मानायचे कारण नाही. मुले मोठी झाली की जायचीच, आणि त्यांचे चांगले झाले. दुःख आहे ते मागून येणाऱ्यांचे. पुण्यात अव्वल संघ असताना दौंड-शिरूरच्या एखाद्या शाळेतल्या चपळ पोराला सांगता येत होते की, बाबा, साठ-सत्तर किलोमीटरवर एक दार आहे, तेथे जाऊन ठोठाव. कबड्डीतल्या पोराला आजही असे दार दाखवता येते, कुस्तीतल्याला तर तालुक्यात दाखवता येते. फुटबॉलच्या पोराला कोठले दाखवायचे? मुंबईचे म्हणावे, तर तिथे राहायचे कोणाकडे, हा पहिला प्रश्न येतो. आणि तो खेळाचा नसून घरच्या परिस्थितीचा असतो.

तेव्हा ह्या कृतीवर शेवटचा शेरा काय द्यावा? २०१८-१९ चा हंगाम खेळ म्हणून सामान्य होता, वाईट नव्हता. सातवा क्रमांक ही काही कपाळावर हात मारण्याची गोष्ट नाही. निवड करणाऱ्यांनी आपल्याच निवडीवर तीन आठवड्यांत अविश्वास दाखवला, हा त्यातील पहिला दोष. तो धाडसाचा अभाव आहे, धाडस नव्हे. कारण गुरुजी बदलणे सोपे असते, आपले चुकले कोठे ते शोधणे कठीण असते. ज्या शहराचे नाव लावले त्या शहराला संघात कोणताही हक्क दिला नाही, हा दुसरा दोष, आणि तोच खरा. पहिल्या दोषाने एक हंगाम गेला. दुसऱ्याने संघ गेला.

पुण्यात आज ना उद्या पुन्हा कोणी धनवान गृहस्थ संघ काढील. मोठी नावे येतील, नटनट्या येतील, फटाके उडतील, आणि ते सारे हवेही आहे. उत्सवाशिवाय खेळाला रंग नाही. त्या दिवशी पुणेकरांनी आणि आम्हा तालुक्यातल्या माणसांनीही प्रशिक्षक कोण, परदेशी खेळाडू कोण, हे जरूर विचारावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: ह्यात शंभर-दोनशे रुपयांचा भाग सामान्य माणसाला घेता येईल का, आणि वर्षातून एकदा सभा भरेल का? उत्तर 'हो' आले, तर संघ दहांत दहावा आला तरी मुलांना घेऊन बालेवाडीला जावे, आणि नव्या गुरुजींना निदान एक उसाचे पीक निघेपर्यंत काम करू द्यावे.